पिसें झडलेली कोंबडी

पावसाळा सरत आला, भात पिवळें पडूं लागलें, म्हणजे कोंकणांतल्या एखाद्या अंगणांत एक कोंबडी अगदीं विद्रूप दिसूं लागते. मान उघडी पडलेली, शेपटीचीं पिसें गळालेलीं, तुरा सुकून फिकट झालेला, चाल मंदावलेली. आणि मुख्य म्हणजे अंडीं बंद. घरची बाई चार दिवस वाट पाहते आणि मग ‘आतां ही कामांतून गेली’ असें ठरवून तिला बाजाराची वाट दाखविते. तिच्या शेजारची गुबगुबीत, तुळतुळीत पिसांची कोंबडी मात्र खुराड्यांत राहते. या निवाड्यांत पुष्कळदां अन्याय होतो. आणि तो केवळ कोंबडीवर होतो असें नव्हे, निवाडा देणाऱ्या संसारावरहि होतो. कारण जी विकली गेली ती बहुधा खुराड्यांतील सर्वांत कष्टाळू कोंबडी असते, आणि जी राहिली ती सर्वांत आळशी. ही उलटापालट कां होते, ती ओळखण्यास मनुष्याला किती काळ लागला, आणि ओळखल्यानंतर त्या ज्ञानाचा त्यानें कसा उपयोग केला, हा इतिहास दिसावयास लहान आहे, परंतु विचार करावयास लावणारा आहे.

कोंबडीचें मूळ रानांत आहे. आपल्या देशांत रानकोंबड्यांच्या दोन जाती आढळतात. तांबडा रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून पूर्व व मध्य हिंदुस्थानांतील अरण्यांपर्यंत पसरलेला आहे. करडा रानकोंबडा मात्र दक्षिणेचा आणि सह्याद्रीचा रहिवासी. रत्नागिरीच्या पूर्वेस घाटांतील जंगलांमध्यें पहांटे जी तुटक, कर्कश आरव ऐकूं येते ती याचीच. चार्लस डार्विन यानें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राण्यांविषयींच्या ग्रंथांत सर्व पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा होय असा निर्णय दिला, आणि तो मुख्यतः खरा ठरला. परंतु २००८ सालीं असें दिसून आलें कीं, पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचें व पिवळ्या पायांचें बीज तांबड्याकडून नव्हे, तर करड्या रानकोंबड्याकडून आलें आहे. अंड्यांसाठीं जगभर नांवाजलेल्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीचे पाय पिवळे असतात. म्हणजे त्या परदेशी म्हणविणाऱ्या कोंबडीच्या अंगांत दक्षिणेच्या रानांतील रक्ताचा एक थेंब आहेच. २०२२ सालीं पुढें आलेल्या संशोधनाप्रमाणें कोंबडी माणसाळल्याचा सर्वांत जुना निश्चित पुरावा थायलंडांतील असून तो सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींचा आहे. आणि शेतांत सांडलेल्या धान्यानें रानकोंबड्याला मनुष्याच्या दाराशीं आणलें असावें, असें त्या संशोधकांचें म्हणणें आहे. कोंकणांतील भाताच्या उडव्यांभोंवतीं दाणे टिपणाऱ्या कोंबड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हें अनुमान पटण्यास अडचण पडूं नये.

रानांतील कोंबडी वर्षांतून फार तर दहा-पंधरा अंडीं घालते, पिल्लें वाढविते, आणि विणीचा हंगाम संपला म्हणजे जुनीं पिसें टाकून नवीं घेते. नराच्या बाबतींत तर हा पालट डोळ्यांत भरण्याजोगा असतो. मानेवरचा लखलखीत पिसारा पावसाळ्याच्या सुमारास गळून त्याच्या जागीं आंखूड, काळसर पिसें येतात, शेपटीचीं लांब पिसें पडतात, आणि तो डौलदार पक्षी कांहीं काळ ओळखूंहि येत नाहीं. पिसें हीं पक्ष्याचें वस्त्र, छत्री आणि चिलखत होत. ऊन, पाऊस आणि घर्षण यांनीं तीं झिजतात. आणि आपल्या केंसांसारखीं तीं मुळापासून वाढत राहत नसल्यामुळें झिजलेलें पीस टाकून सबंध नवें घ्यावें लागतें. सापानें कात टाकावी तसाच हा प्रकार आहे. मात्र सापाचें काम एका वेळीं उरकतें, पक्ष्याचें आठवडेच्या आठवडे चालतें. पीस जवळजवळ सर्वस्वीं प्रथिनांचें बनलेलें असतें. तेव्हां नवा पिसारा घडविणें हा शरीराला मोठा खर्च, आणि अंडें घालणें हाहि तितकाच मोठा खर्च. एका वर्षाच्या मिळकतींत घरांतलीं दोन लग्नें निघत नाहींत. कोंबडीलाहि हे दोन खर्च सहसा एकदम पेलत नाहींत. म्हणून पिसें झडूं लागलीं कीं अंडीं बंद होतात. हा रोग नव्हे, म्हातारपणहि नव्हे. ही शरीराची दुरुस्ती आहे.

पक्ष्यांच्या पीसझडीकडे मनुष्यानें प्रथम बारकाईनें पाहिलें तें अंड्यांसाठीं नव्हे, शिकारीसाठीं. बहिरी ससाणा किंवा शिकरा पाळणाऱ्यास पक्क्या पंखांवांचून गत्यंतर नसे; पंखांतील एक पीस मोडकें आलें तरी पक्ष्याची झेंप चुके. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या ‘श्यैनिकशास्त्र’ या संस्कृत ग्रंथांत ससाण्यांना पिसें टाकण्याच्या दिवसांत कसें जपावें, याचा विचार केलेला आहे. लंडन शहरांत राजाच्या घोड्यांच्या पागेला आजहि ‘म्यूज’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ संबंध घोड्यांशीं नाहीं; पिसें टाकीत असतां ससाण्यांना ज्या जागीं शांतपणें ठेवीत त्या जागेचें तें नांव. पुढें ससाणे गेले, तेथें घोडे आले, नांव मात्र तेंच राहिलें. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें कोंबड्यांच्या झुंजीस स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. याप्रमाणें ससाणा राजाच्या मनगटावर बसला, कोंबडा दरबारांत शिरला आणि दोघांचीहि वर्णनें ग्रंथांत आलीं. कोंबडी तेवढी अंगणांत राहिली. तिच्या अंड्यांचा आणि पिसांचा हिशेब कोणीं लिहून ठेविला नाहीं; कारण तो हिशेब राजांचा नव्हता, बायकांचा होता.

आणि तो हिशेब क्षुद्र नव्हता. रत्नागिरी जिल्हा एके काळीं मनिऑर्डरीवर जगणारा जिल्हा म्हणून ओळखला जाई. कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणींत किंवा गोदींत, आणि गांवीं थोडी भातशेती, एखादी गाय, म्हातारीं माणसें व मुलें यांचा संसार हांकणारी बाई, असें तेथील असंख्य घरांचें चित्र होतें. मनिऑर्डर महिन्यानें येई, कधीं लांबे. परंतु मीठ, तेल आणि मुलाची पाटी-पेन्सिल यांना महिनाभर थांबतां येत नसे. ब्राह्मणादि शाकाहारी घरांत अंडें उंबऱ्याच्या आंत येत नसे. परंतु कुणबी, भंडारी, गाबीत, महार, मुसलमान अशा पुष्कळ घरांतून दोन-चार कोंबड्या असत, आणि त्यांच्या अंड्यांचा पैसा बाईच्या स्वतःच्या हातांत राही. नवऱ्याच्या मनिऑर्डरीवर सासऱ्याचा, दिराचा, सावकाराचा हक्क चाले. अंड्याच्या पैशावर सहसा कोणी हक्क सांगत नसे. म्हणून कोंबडी विकावी कीं ठेवावी हा प्रश्न त्या घरांत थट्टेचा नव्हता.

गावठी कोंबडीची रीत रानांतल्या रीतीपासून फारशी दूर गेलेली नाहीं. दहा-पंधरा अंडीं घालावीं, मग खुडूक व्हावें, एकवीस दिवस डालग्यांत अंड्यांवर बसावें, पिल्लें दोन-अडीच महिने हिंडवावीं आणि मग पुन्हां अंडीं सुरू करावीं, असा तिचा क्रम. वर्षाकांठीं तिचीं अंडीं चाळीस ते साठ भरतात. खुडूक बसणें हीच तिची मोठी विश्रांति असल्यामुळें पीसझडीच्या विश्रांतीकडे वेगळें लक्ष जाण्याचें फारसें कारण पडत नसे. कोंबडी खुडूक झाली हें घरांतल्या पोरालाहि कळे. तिचा खुडूकपणा मोडण्यासाठीं तिला पाण्यांत बुचकळावें, हेंहि ठाऊक असे. परंतु पिसें झडलेल्या कोंबडीविषयीं लोकांजवळ निश्चित ज्ञान नव्हतें, केवळ संशय होता. त्या संशयाला कारणहि होतें. मानमोडीसारख्या सांथी कोंबड्यांचीं खुराडींच्या खुराडीं ओस पाडीत. तेव्हां मलूल आणि उघड्या मानेची कोंबडी दिसली कीं ती मरण्यापूर्वीं विकून मोकळें व्हावें, असें वाटणें स्वाभाविक होतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या चित्रांत परदेशी जातींचा प्रवेश झाला. संयुक्त प्रांतांत एटा येथें आर्थर स्लेटर या अमेरिकन मिशनऱ्यानें सुधारलेल्या कोंबड्यांचें केंद्र चालवून खेड्यांतील गरिबांस नव्या जातींचे कोंबडे व अंडीं पुरविलीं. आपल्या प्रांतांत पुण्याजवळ खडकी येथें सरकारी केंद्र उभें राहिलें. १९३९ सालीं इज्जतनगर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेंत कोंबड्यांसाठीं स्वतंत्र शाखा निघाली. लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या जातींच्या कोंबड्या क्वचित् खुडूक होत. त्यांनीं तो स्वभाव बहुतेक टाकून दिलेला होता. मग त्यांच्या अंड्यांत पडणारा मोठा खंड कोणता? तो पीसझडीचा. म्हणजे जो प्रश्न गावठी कोंबडीनें खुडूकपणाच्या आड झांकून ठेविला होता, तो नव्या जातींनीं उघड्यावर आणला.

त्या प्रश्नाचें उत्तर तोंवर अमेरिकेंत सांपडूं लागलें होतें. न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स राइस आणि त्यांचे सहकारी यांनीं १९०८ सालीं कोंबड्यांच्या पीसझडीवर एक पत्रक प्रसिद्ध केलें. त्या काळीं घरट्याला एक झडप बसविण्याची युक्ति निघाली होती. कोंबडी आंत शिरली कीं झडप पडे. राखणदार येऊन तिला सोडी आणि तिच्या पायांतल्या कड्याचा क्रमांक पाहून अंडें तिच्या नांवावर मांडी. याप्रमाणें प्रत्येक कोंबडीचें स्वतंत्र खातें तयार झालें आणि पिढ्यान्पिढ्यांचा एक समज कोलमडला. ज्या कोंबड्या हंगाम संपण्याच्या आधींच पिसें टाकतात आणि लवकर गोजिऱ्या दिसूं लागतात, त्यांचीं अंडीं वर्षाअखेर कमी भरतात. आणि ज्या शेवटपर्यंत झिजल्या पिसांनिशीं अंडीं देत राहतात व फार उशिरां पिसें टाकतात, त्यांचीं जास्त भरतात, असें कॉर्नेल आणि त्यामागून इतर प्रयोगकेंद्रें यांच्या नोंदींवरून ठरलें. फाटकें लुगडें हें येथें आळसाचें नव्हे, कष्टाचें चिन्ह होतें.

एवढ्यावर हें शास्त्र थांबलें नाहीं. पंखावर काळाचा हिशेबहि लिहिलेला असतो, असें दिसून आलें. कोंबडीचा पंख पसरून पाहिला तर टोंकाकडे दहा मोठीं पिसें, मध्यें एक आंखूड पीस आणि त्यापलीकडे दुसरी ओळ दिसते. तीं दहा मोठीं पिसें आंखूड पिसाजवळून आरंभ करून टोंकाकडे क्रमानें झडतात, आणि प्रत्येकाच्या जागीं नवें पीस पूर्ण वाढण्यास सुमारें सहा आठवडे लागतात. मंद कोंबडी दर पंधरवड्यास एक पीस टाकते. त्यामुळें पहिलें पीस पडल्यापासून दहावें पडेपर्यंत अठरा आठवडे आणि तें वाढण्यास आणखी सहा, मिळून चोवीस आठवडे तिचें दुकान बंद राहतें. चलाख कोंबडी दोन-दोन, तीन-तीन पिसें एकदम टाकते. तीं एकदमच वाढतात, आणि सुमारें निम्म्या काळांत ती पुन्हां अंड्यांवर येते. यावरून मागचा हिशेबहि करतां येतो. मंद कोंबडीच्या पंखांत चार नवीं पिसें पूर्ण वाढलेलीं दिसलीं, तर पहिल्याचे सहा आठवडे आणि पुढच्या तिहींचे दोन-दोन, म्हणजे बारा आठवड्यांपूर्वीं तिनें आरंभ केला असें समजावें. यासाठीं वही नको, यंत्र नको. संध्याकाळीं कोंबडी हातांत धरून पंख उघडला म्हणजे झालें. गरिबाच्या हातीं पडण्याजोगें इतकें स्वस्त ज्ञान शास्त्रानें फार थोड्या वेळां दिलें असेल.

पीसझड कोणत्या कारणानें सुरू होते, हें कळण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. आपल्याकडे म्हण आहे कीं, कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं. म्हणीचा अर्थ खरा आहे; परंतु तांबडें केव्हां फुटतें आणि केव्हां मावळतें याची नोंद कोंबडीचें शरीर फार बारकाईनें ठेवीत असतें. कॅनडांतील एडमंटन येथें विल्यम रोवन यानें कडाक्याच्या थंडींत लहान पक्ष्यांना दिव्याच्या उजेडांत ठेवून दिवस कृत्रिम रीतीनें वाढविला आणि त्यांच्या अंगांत वसंताची जागृति आणून दाखविली; हा प्रयोग १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. कोंबडीचेंहि तसेंच आहे. दिवस वाढूं लागला कीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीचे रस वाढून अंडाशय कामास लागतो. दिवस आटूं लागला, किंवा उपासमार, पाण्याचा तुटवडा, भीति, जागापालट असा कांहीं आघात झाला, कीं ते रस ओसरतात, अंडाशय व अंडनलिका आकसतात आणि पिसें झडूं लागतात. झडण्याचा क्रमहि ठरलेला असतो : आधीं डोकें, मग मान, छाती व अंग, आणि त्यानंतर पंख व शेपटी. या विश्रांतींत अंडनलिका जणूं नवी होते. म्हणून पीसझडीनंतरचीं अंडीं संख्येनें पहिल्या वर्षापेक्षां कमी असलीं तरी आकारानें मोठीं व कवचानें टणक असतात.

लंडनला हिवाळ्यांतील दिवस आठ तासांचा आणि उन्हाळ्यांतील साडेसोळा तासांचा. तेथें शरदऋतु आला म्हणजे सगळें खुराडें एकदम पिसें टाकतें. रत्नागिरी सतराव्या अक्षांशाजवळ आहे. तेथें लहानांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा, मोठ्यांत मोठा तेरा तासांहून किंचित् अधिक. त्यामुळें कोंकणांत सगळ्या कोंबड्या एकाच महिन्यांत पिसें टाकतील असा नियम नाहीं. खुडूक बसणें, उपासमार, पावसांतली ओल यांचाहि त्यांत वांटा असतो. यास्तव परदेशी पुस्तकांतील महिन्यांचें कोष्टक जसेंच्या तसें येथें लावणें बरोबर नाहीं. परंतु त्यांतील तत्त्व येथेंहि तितकेंच खरें आहे.

कोंकणांतील घरांत या काळीं कोंबडीला काय लागतें, हें सांगावयास मोठ्या खर्चाची बाब एकहि नाहीं. नव्या पिसाला गंधकयुक्त प्रथिनें हवींत. नुसती भाताची कणी आणि कोंडा यांतून तीं पुरेशीं मिळत नाहींत. मासळींतून आणि तिळाच्या पेंडीतून मिळतात. भुईमुगाची पेंड या बाबतींत दुबळी आहे. पावसाळ्याच्या बेगमीसाठीं घरोघर सुकट व जवळा भरून ठेवितात. त्यांतला चाळणीखालचा भुगा कोंबडीला पडला तरी तिचें काम भागतें. अंडीं पुन्हां सुरू झालीं म्हणजे चुन्याची गरज वाढते, कारण एका अंड्याच्या कवचांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम जातें; आणि समुद्रकांठच्या गांवांत शिंपल्यांचा तोटा नाहीं. कोरडी जागा, राखेंत लोळावयास एक कोपरा आणि मुख्य म्हणजे शांतता एवढें मिळालें कीं पुरे. नव्या पिसाच्या देठांत रक्त खेळत असतें. तें दुखावलें तर वाहतें, आणि दुसऱ्या कोंबड्या तेथेंच टोंचा मारतात. म्हणून या दिवसांत तिला उगाच धरूं नये, डालग्यांत कोंबून दूर नेऊं नये. रोगाची आणि पीसझडीची ओळख पटविणेंहि कठीण नाहीं. झडलेल्या जागीं कातडीवर नव्या पिसांचे खुंट दिसत असतील आणि कोंबडी खात-पीत असेल, तर ती पीसझड. खुंट नाहींत, हगवण आहे, मान वांकडी होते आहे, तर तो रोग. तिला लगेच वेगळी काढावी.

येथवरचा इतिहास हा पाहण्याचा आणि समजण्याचा आहे. त्याची दुसरी शाखा घाईची आहे. पीसझड जर टळत नाहीं, तर ती आपल्या सोयीनें कां घडवूं नये, असा विचार अमेरिकेंतील कोंबडीपाळांच्या मनांत एकोणिसावें शतक संपतांनाच आला होता. न्यूयॉर्क संस्थानांतील व्हॅन ड्रेसर यांच्या नांवानें एक रीत प्रसिद्ध झाली. उन्हाळा सरतांना कोंबड्यांचा दाणा तोडावा, त्या रोडावल्या कीं अंडीं थांबून पिसें झडतात, मग पौष्टिक अन्न द्यावें. म्हणजे अंडीं महाग असतात त्या हिवाळ्यांत त्या ताज्या दमानें अंडीं देतील, असा तिचा आशय. वेस्ट व्हर्जिनिया येथील प्रयोगकेंद्रानें १९०२ सालीं ती पडताळून अनुकूल मत दिलें. इतर कांहीं ठिकाणीं तसा लाभ दिसला नाहीं. वाद कांहीं दशकें रेंगाळला. परंतु कोंबड्या जेव्हां शेंकड्यांनीं नव्हे तर लाखांनीं पिंजऱ्यांत राहूं लागल्या, तेव्हां ही युक्ति अमेरिकेंतील धंद्याचा नित्यक्रम झाली. दहा ते चौदा दिवस अन्न बंद, दिवा सोळा तासांवरून आठ तासांवर, कोंबडीचें वजन चौथाईनें किंवा त्याहूनहि अधिक उतरेपर्यंत उपास, आणि मग अंड्यांचा दुसरा हंगाम, असें तिचें स्वरूप होतें.

भारतांत हा धंदा १९५७ पासून झपाट्यानें वाढूं लागला. त्या वर्षीं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेंत अखिल भारतीय कुक्कुट विकासाचा कार्यक्रम हातीं घेण्यांत आला आणि मुंबई, दिल्ली, बंगलोर, भुवनेश्वर व सिमला येथें प्रादेशिक केंद्रें निघालीं. १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं वेंकटेश्वर हॅचरीजची स्थापना केली. पुढें पुणें हें त्या उद्योगाचें प्रमुख ठाणें झालें. १९८२ सालीं अंड्यांचे भाव व्यापाऱ्यांनीं नव्हे तर उत्पादकांनीं ठरवावे, या हेतूनें राष्ट्रीय अंडी समन्वय समिति अस्तित्वांत आली. वर्षाला चाळीस-साठ अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या जागीं तीनशेंहून अधिक देणारी कोंबडी आली, आणि अंडें हें गरिबालाहि परवडणारें अन्न झालें. ही सिद्धि लहान नव्हे. परंतु मोठ्या धंद्यांत कोंबडीचें खातें व्यक्तीचें राहत नाहीं, जमावाचें होतें. सुमारें दीड वर्षाच्या वयाला अंडीं कमी होऊं लागलीं कीं मालकापुढें दोन वाटा असतात : सगळा जमाव विकून नव्या तलंगा आणाव्या, किंवा पिसें झाडवून त्याच कोंबड्यांकडून आणखी सहा-आठ महिने काम घ्यावें. तलंगांची किंमत चढली कीं दुसरी वाट स्वस्त दिसते. अंड्यांचा भाव कोसळला असला तर कोंबड्यांना कांहीं आठवडे बंद ठेवणेंहि सोयीचें वाटतें. पंख उघडून एकेकीचें चरित्र वाचण्याचें येथें प्रयोजनच उरत नाहीं.

या उपासाच्या समर्थकांचा युक्तिवाद अगदीं पोकळ नव्हता. खुडूक कोंबडी स्वतःहोऊन उपासच करिते, असें ते म्हणत. आणि तें खरें आहे. रानकोंबडीवरील निरीक्षणांत असें आढळलें कीं, अंड्यांवर बसलेली मादी समोर अन्न असतांहि थोडेंच खाते आणि तिचें वजन पुष्कळ उतरतें. परंतु एकादशीला स्वेच्छेनें उपाशी राहणें आणि कोणीं कोठार बंद केल्यामुळें उपाशी राहणें, यांत जें अंतर आहे तेंच येथेंहि आहे. खुडूक कोंबडीची भूकच मंदावलेली असते. पिंजऱ्यांतल्या कोंबडीची भूक शाबूत असते आणि तिच्यासमोरचें पन्हळ रिकामें असतें. शिवाय १९९० नंतर अमेरिकन शेतकी खात्याच्या संशोधनांत दिसून आलें कीं, उपाशी ठेवलेल्या कोंबड्यांना साल्मोनेला जंतूंची बाधा अधिक सहज होते, आणि ते जंतु अंड्यांवाटे मनुष्यापर्यंत पोंचूं शकतात. म्हणजे कोंबडीच्या पोटाला दिलेला चिमटा खाणाऱ्याच्या पोटालाहि बसण्याचा संभव होता. अन्न न तोडतां, गव्हाचा किंवा भाताचा कोंडा अधिक असलेलें हलकें खाद्य देऊन व उजेड कमी करूनहि पीसझड घडवितां येते, हें पुढें प्रयोगांनीं सिद्ध झालें. आणि २००६ पासून अमेरिकेंतील अंडी-उत्पादकांच्या संघानें आपल्या नियमावलींतून उपासाची रीत काढून टाकिली. भारतांत १९६० च्या प्राणि-क्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें पाळलेल्या प्राण्याला पुरेसें अन्नपाणी न देणें हा अपराध ठरविलेलाच आहे; त्याच्या आधारें २०११ सालीं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें उपाशी ठेवून पिसें झाडविण्याची रीत बंद करण्याविषयीं आदेश काढिला.

रत्नागिरी जिल्ह्यांत दापोली येथें १९७२ सालीं कोंकण कृषि विद्यापीठ स्थापन झालें. परसांतल्या कोंबडीलाहि त्यानंतरच्या काळांत नवे सोबती मिळाले. बंगलोरची गिरिराज आणि हैदराबादची वनराजा या जाती महाराष्ट्राच्या खेड्यांतून पसरल्या. त्या गावठीहून अधिक अंडीं देतात आणि पिंजऱ्यावांचून राहतात. याच घरांत पंख वाचण्याची ती जुनी विद्या आजहि उपयोगी पडण्यासारखी आहे. चार-आठ कोंबड्यांच्या घरांत प्रत्येक कोंबडी ओळखीची असते. कोणती केव्हां झडूं लागली, कोणती किती दिवसांनीं पुन्हां अंड्यांवर आली, हें चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनींहि मांडून ठेवितां येतें. आधीं झडून चार-पांच महिने बसून खाणारी विकावी. शेवटपर्यंत अंडीं देऊन मग एकदम ओकीबोकी झालेली ठेवावी, आणि तिच्याच अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवावी, म्हणजे तो गुण पुढच्या पिढींत उतरण्याची आशा राहते. आजवर बाजारांत त्याच्या अगदीं उलट होत आलें. उत्तम कोंबडी तिच्या दैन्याच्या दिवसांत पडत्या भावानें गेली, आणि तिच्याबरोबर तिची संततिहि गेली. पिढ्यान्पिढ्या असेंच चालल्यावर गावठी कोंबडी अंडीं थोडीं देते म्हणून तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं; त्या दोषांत आपल्या निवडीचाहि वांटा आहे.

पीसझडीच्या इतिहासांत मनुष्यानें कोंबडीकडून दोन निरनिराळ्या गोष्टी शिकल्या. एकींत तिचा पंख उघडून तिनें केलेल्या कष्टांची नोंद वाचली. दुसरींत तिचें पन्हळ रिकामें करून तिच्या विश्रांतीचा दिवसहि आपल्या सोयीनें ठरविला. दोन्हीं रीतींनीं अंडीं वाढलीं. परंतु पहिलीला थोडें लक्ष आणि दोन महिन्यांचा धीर लागला, दुसरीला पुढें कायद्याचा लगाम घालावा लागला. जी झिजली तिला निरुपयोगी न समजतां, ती कशानें झिजली एवढें विचारावयाचें, हा त्यांतला व्यवहार आहे. आणि तो शिकण्यास परसांतली कोंबडी पुरेशी आहे.